नाकाभोवतीच्या पोकळ्या



नवी मुंबईत सीवूड्स येथे खाडीच्या काठी डी. पी. एस. तलाव म्हणून एक तळे आहे. तेथे रोहित पक्षी उतरतात. २०२४ साली भरतीचे पाणी आत येण्याची तोंडे बंद झाली आणि तळ्याची रया गेली. तळे तेच, काठ तोच. पाण्याची वाट तेवढी अडली. आपल्या नाकाभोवतीही अशा जागा आहेत, आणि त्यांचे आरोग्यही वाट मोकळी राहण्यावरच अवलंबून आहे.

“मला सायनस झालाय,” असे आपण सहज बोलून जातो. पण सायनस हा रोग नव्हे. सायनस म्हणजे कवटीच्या हाडातली हवेने भरलेली पोकळी. अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत एक, भुवयांच्या वर कपाळात दुसरी, नाक आणि डोळे यांच्यामध्ये तिसरी, आणि चौथी खूप आत, कवटीच्या तळाशी.

गालातली पोकळी सर्वांत मोठी. मोठ्या माणसाच्या एका गालात चहाचे तीनेक चमचे पाणी मावेल एवढी. आता गंमत पाहा. घराची मोरी जमिनीलगत असते. या खोलीची मोरी मात्र आढ्याजवळ आहे! मग आतला ओलावा वर चढतो कसा? आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. वाऱ्यावर पीक डोलावे तसे ते एका लयीत हलतात आणि शेंबडाचा पातळ थर धुळीसकट वर ढकलतात. ऑस्ट्रियातील डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले, की दुसरीकडे भोक पाडले तरी हे केस आपला माल मूळच्या दाराकडेच नेतात.

पडसे झाले, की त्या दाराचे अस्तर सुजते. वाट अडते, पाणी साचते, गाल नि कपाळ ठणकते. वरच्या दाढांची मुळे या पोकळीला लागून असल्यामुळे दाढही दुखते. उलट किडलेल्या दाढेचा पू वर पोकळीत शिरू शकतो. बहुतेक पडसे आपोआप ओसरते. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवावे. नाक जोराने शिंकरू नये. दहा दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरे वाटून पुन्हा बिघडले, तर डॉक्टरांना दाखवावे. मनाने औषधे घेऊ नयेत.

डोळा आणि त्याच्या शेजारची पोकळी यांत हाडाचा कागदासारखा पातळ पडदा आहे. म्हणून पडशात डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, ताप चढून डोके असह्य दुखू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. २०२१ साली कोरोनानंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा रोग पसरला, तो याच वाटेने. नाकातून पोकळ्यांत, तेथून डोळ्यात. मधुमेह्यांना त्याने विशेष ग्रासले. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जीव. मधुमेह्याचा गाल बधिर झाला किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर एक दिवसही थांबू नये.

गुरुजनांना एक विनंती. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर त्याला रागावू नका. आत मणी किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो. तो स्वतः काढू नका, डॉक्टरांकडे पाठवा. आणि वर्गात कवटीचे चित्र काढाल, तेव्हा गालातली ती खोली नि तिची उंचावरची मोरी मुलांना अवश्य दाखवा.