आराखडा मोकळा, बियाणे कुलपात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



वीज असेल आणि विहिरीत पाणी असेल, तरच मोटर सुरू व्हावी, अशी सोय आपण स्टार्टरला करून घेतो. जिवंत पेशीलाही असा हुकूम देता येतो. त्यासाठी जनुकांचे तुकडे नेमक्या क्रमाने जोडावे लागतात. हे काम फार किचकट. एकेक जोडणी करून, चुकली की पुन्हा करून पाहायची.

२०१६ साली अमेरिकेतील एमआयटी आणि बोस्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘सेलो’ नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम पुढे आणला. ‘हे रसायन असेल आणि ते नसेल, तर अमुक प्रथिन तयार कर’ एवढे त्यात लिहायचे. डीएनएची अक्षरे प्रोग्रॅम जुळवून देतो. त्यांनी असे ६० आराखडे ई. कोलाय या जिवाणूत तपासले. त्यांतले ४५ काही दुरुस्ती न करता तंतोतंत चालले. शिवाय हा प्रोग्रॅम खुला आहे. कोणीही उघडून पाहावा, सुधारावा, वापरावा.

मग उद्या आपल्याला हवा तसा कापूस आखता येईल का? इतके सोपे नाही. जिवाणू म्हणजे कापूस नव्हे. कापसाच्या पेशीपासून अख्खे रोप उभे करणे अवघड. म्हणून बोंडअळीचे बीटी जनुक आधी अमेरिकेच्या कोकर ३१२ वाणात घातले आणि मग संकर करीत आपल्याकडच्या वाणांत आणले. २००२ साली त्याला परवानगी मिळाली. पण बियाणे आले ते संकरित. घरचे सरकी-बी ठेवायची सोय गेली.

ज्वारीच्या जनुकांचा पूर्ण नकाशा २००९ सालीच प्रसिद्ध झाला. तो सर्वांना पाहायला मिळतो. म्हणजे नकाशा मोकळा, आखणीचे अवजारही मोकळे. कुलपे आहेत ती पुढे: पेटंटवर, प्रयोगशाळेवर, परवान्यावर. आखणी फुकट झाली म्हणून बियाणे स्वस्त होत नाही.

म्हणून नुसते ‘नवे तंत्र हवे’ किंवा ‘नको’ म्हणून भागणार नाही. अकोला, परभणी, राहुरीच्या कृषी विद्यापीठांना आपण तीन प्रश्न लेखी विचारू. ही खुली अवजारे तुमची पोरे शिकतात का? कोरडवाहू ज्वारी-कापसासाठी त्यांचा काय उपयोग करता? आणि वाण निघालाच, तर त्याचे बी आम्हाला घरी राखता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर घेतल्याशिवाय उठायचे नाही.