गोळी चुकते ती कोणाची?

एचआयव्हीबाधित माणसाची रोजची गोळी चुकली की तो ‘अनियमित’ ठरतो. हा शब्द मोठा सोयीचा आहे, कारण त्यामुळे चौकशी रुग्णाच्या दारातच थांबते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात ती तेथे थांबवणे अन्यायाचे आहे.

निवडक सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. आज बहुतेकांना तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबतो आणि शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. वारंवार खंड पडला तर औषधाला न जुमानणारे विषाणू तगतात आणि तीच गोळी निकामी ठरू शकते. खंड शासनाकडूनही पडतो. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरले होते. तेव्हा ‘अनियमित’ कोणाला म्हणायचे?

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. धानाची कापणी उरकल्यावर कित्येक भूमिहीन कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. पुढे उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम. औषधाचा महिना आणि पोटाचा हंगाम यांचा मेळ बसत नाही. गोळ्या आणायच्या तर मजुरी बुडते. मुकादमाला खरे कारण सांगण्याची सोय नाही. मजुरांच्या तळावर एकाच ताडपत्रीखाली सारी माणसे निजत असता औषधाची बाटली ठेवावी तरी कोठे?

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच औषध द्यावे, ही सूचना वरवर बिनतोड दिसते. कुष्ठरोगाचे औषध तसेच गावोगाव पोचले. तथापि याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमट्यांना १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन वसवावे लागले होते. रोगाहून ओळखीच्या नजरेची धास्ती अधिक असते, म्हणूनच काही रुग्ण मुद्दाम लांबचे केंद्र पत्करतात. २०१७ च्या कायद्याने भेदभावास बंदी केली. शेजाऱ्याच्या कुजबुजीला ती कशी व्हावी?

तेव्हा केंद्र कोणते, हे रुग्णानेच ठरवावे. आणि हंगामाला निघणाऱ्याच्या हाती तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम पडाव्यात. २०२० च्या टाळेबंदीत अनेक महिन्यांचे औषध एका वेळी देण्याची मुभा याच यंत्रणेने दिली होती. मिरचीच्या तोडणीसाठी ती देण्यास अडचण कोणती, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यावे.