घराचे मोजमाप आणि घरातले कागद

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराच्या मूल्यांकनाविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्रास व्हॅल्युएशन म्हणतो त्याविषयी, मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने सांगितले. मी वक्ता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वीस वर्षे बँकेत लिपिक. माझ्या टेबलावरून कर्जाच्या फायली जातात. काही आठ दिवसांत पुढे सरकतात, काही सहा-सहा महिने पडून राहतात. त्या कुठे अडतात ते रोज दिसते, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

व्हॅल्युअर बँक नेमते, आपण नाही. तो घरी येतो, टेप लावतो, फोटो काढतो आणि तास-पाऊण तासात जातो. त्या पाऊण तासात फाइल कधी अडत नाही. ती अडते कागदांपाशी. म्हणून तो येण्याआधी एका पिशवीत एवढे तयार ठेवा: सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा, मूळ दस्तावेज, इंडेक्स-२, महापालिकेची रजा चिठ्ठी आणि मंजूर नकाशा, चालू वर्षाची वेरा पावती, लाइट बिल. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. कुणाकडे मोडीतला कागद असेल, तर तो आधीच वाचून घ्या आणि त्याचे लिप्यंतर सोबत जोडा.

दुसरी अडचण आकड्यांची. आपल्या जुन्या दस्तात वार असतात, कार्डावर चौरस मीटर, आणि आपण तोंडी सांगतो चौरस फूट. एक वार म्हणजे ९ चौरस फूट, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. आदल्या रात्री हिशेब करून पाहा. तिन्ही कागद जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते आधी शोधा. चतुःसीमेत शेजाऱ्यांची पन्नास वर्षांपूर्वीची नावे असतील, तर आज तिथे कोण राहतो ते एका कागदावर लिहून द्या. एवढ्याने एक फेरी वाचते.

तिसरे, काही लपवू नका. माळा, परसदार, कुलूप लावलेली मागची खोली, सगळे उघडून दाखवा. रजा चिठ्ठीशिवाय चढवलेला मजला असेल तर सांगा, जुना भाडेकरू असेल तर सांगा. ते शेवटी उघडे पडतेच, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांनी ओल रंगाखाली झाकू नये. दुरुस्ती केली असेल तर तिची बिले दाखवावीत. आणि व्हॅल्युअरला चहा जरूर द्या, पण किंमत सुचवू नका.

किमतीबद्दलही एक गैरसमज आहे. १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री दुप्पट झाली, म्हणून घराची किंमत दुप्पट झाली, असे लोक म्हणतात. जंत्री स्टॅम्प ड्यूटीसाठी असते. व्हॅल्युअर आसपासचे खरेदीचे व्यवहार पाहतो. दस्तात कमी रक्कम लिहून आपण स्टॅम्प वाचवला, तेच दस्त आज आपल्याच घराची किंमत खाली ओढतात. जुन्या वाड्यात तर किंमत बहुतेक जमिनीची असते, सागवानी खांबांची नव्हे. अहवाल चुकला असे वाटले तर वाद घालू नका. शेजारच्या नोंदलेल्या दस्तांच्या नकला जोडून बँकेला लेखी द्या.

आता सर्वांत मोठी अडचण, आणि ती मी स्वतःच्या घरातली सांगतो. आमचे घर दांडिया बाजारात. २०१६ साली मागची भिंत फुगली, म्हणून दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे ठरले. मी बँकेतला माणूस, म्हटले पंधरा दिवसांचे काम. व्हॅल्युअर चाळीस मिनिटांत मोजून गेला. प्रॉपर्टी कार्डावर नाव निघाले आजोबांचे. आजोबा १९८९ साली गेले. घर त्यांनी स्वतः विकत घेतलेले, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे बाबा, काका आणि ग्वाल्हेरची आत्या, तिघांचा सारखा हिस्सा.

बाबा म्हणाले, "तिचे लग्न होऊन गेले, तिची सही कशाला?" मी फोन केला. आत्या म्हणाली, "सत्तावीस वर्षांत कुणी विचारले नाहीस. आज बँकेने विचारले म्हणून फोन केलास ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ती पुढे म्हणाली, "आधी माझे नाव कार्डावर लावा. हक्क सोडायचा की नाही ते मग मी ठरवीन."

पेढीनामा, मृत्यूचा दाखला, सोगंदनामे, वारसाईची नोंद, या सगळ्यात सात महिने गेले. तो पावसाळा आम्ही भिंतीला टेकू लावून काढला. शेवटी तिघांची नावे लागली. आत्याने हक्क सोडला नाही, पण ग्वाल्हेरहून येऊन कर्जाच्या कागदांवर सही केली. आणि खरे सांगतो, तेच योग्य झाले.

मंडळींनो, या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या कार्डावर आजही गेलेल्या माणसाचे नाव आहे? हात वर करायला सांगत नाही. घरी जाऊन पाहा. आत्या, मावशा, काकू आहेत तोवर त्यांना विचारा. उद्या त्यांच्या मुलांच्या सह्या गोळा करत पुणे-इंदूर करावे लागेल.

मंडळाला माझ्या दोन सूचना आहेत. एक, एका रविवारी वारसाई नोंदीचे शिबिर घ्यावे. एक वकील, एक मोडी वाचणारा आणि अर्ज भरून द्यायला आम्ही बँकवाले बसू. दोन, मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे: वारसाईचे अर्ज ठरल्या मुदतीत निकाली निघावेत म्हणून तुम्ही काय करणार? आपण पिढ्यान् पिढ्या या शहरात राहतो हे अभिमानाने सांगतो. ते कागदावरही असू द्या.