सही करण्याआधी



आदिलाबादहून बेल्याला येताना जीपने धडक दिली, माझा पाय मोडला. लोकअदालतीत विमा कंपनीने तडजोडीची रक्कम सांगितली. रजा संपलेली, डोक्यावर उसनवारी, बायको म्हणाली, "घेऊन टाका." पण पायातली प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी होतं. १९८७च्या कायद्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. सही झाली की पुढचा खर्च आपलाच.

वकिलांना विचारून मी थांबलो. ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज आणि अपंगत्वाचा दाखला आणला. पुढच्या तारखेला रक्कम वाढली, तेव्हा सही केली.

तडजोड वाईट नाही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. पण राहिलेल्या उपचाराचा हिशेब मांडल्याशिवाय पेन उचलू नका.

गणपती बाप्पा मोरया!