धर्माचा रकाना



ज्या बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कवी मोरोपंतांनी कऱ्हेच्या काठी आपली आर्या घडविली, त्या गावी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने प्रथम पंतांचे स्मरण करावे, मग स्वतःच्या अपात्रतेचा सविनय उल्लेख करावा आणि साहित्याच्या सद्यःस्थितीवर दोन घटका बोलून खाली बसावे, असा संप्रदाय आहे. पैकी पहिल्या दोन गोष्टी झाल्या असे समजा. तिसरी आज माझ्याने होणार नाही. कारण विषयनियामक समितीने काल रात्री माझ्या हाती दिलेल्या ठरावांपैकी चौथा ठराव वाचल्यापासून माझे चित्त स्वस्थ नाही.

त्या ठरावात राज्यातील सर्व कारागृहांत धर्मशिक्षण सक्तीचे करावे अशी सरकारास विनंती असून, कोणत्या धर्माचे किती लोक तुरुंगात आहेत याचे आकडे प्रस्तावनेत दिलेले आहेत, आणि अमुक एका धर्माच्या लोकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येशी विसंगत आहे, याचा अर्थ सुज्ञांनी काय तो समजून घ्यावा, असे पुढे सूचित केले आहे. सुज्ञांनी समजून घ्यावे हा शब्दप्रयोग मी माझ्या वकिलीच्या आयुष्यात पुष्कळदा ऐकला आहे. जे सिद्ध करता येत नाही ते पक्षकार नेहमी सुज्ञांवर सोपवतो. हे झाले मंडपाच्या आतले. मंडपाच्या दाराशी आमच्या काही तरुण बुद्धिवादी मित्रांनी एक पत्रक वाटले, त्यात लिहिले होते की तुरुंग आस्तिकांनी भरले आहेत, नास्तिक तेथे औषधालाही सापडत नाही, सबब देव माणसाला गुन्ह्यापासून परावृत्त करीत नाही. दोन्ही कागद मी रात्री शेजारी ठेवून वाचले. एकाचा कर्ता दुसऱ्याच्या कर्त्याशी एका पंगतीस बसणार नाही; पण दोघांनी तुरुंगाच्या नोंदवहीतला एकच रकाना उघडला आहे, आणि तो कसा भरला जातो हे पाहण्याचे कष्ट दोघांनीही घेतलेले नाहीत.

मी तो भरताना पाहिला आहे. एका तालुक्याच्या दुय्यम कारागृहात, नाव सांगत नाही, माझा एक फासेपारधी अशील दाखल होत होता. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने नाव, बापाचे नाव, वय, शिक्षण असे विचारत विचारत मान वर न करता 'धर्म?' म्हणून विचारले. पोरगा माझ्याकडे पाहू लागला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. मी म्हणालो, 'अरे, तुमचा देव कोणता?' त्याने देवीचे नाव घेतले. कारकुनाने 'हिंदू' असे लिहून रेघ ओढली, आणि अंगझडतीत निघालेल्या जिनसांची याद सुरू केली : रोख अकरा रुपये, कमरेचा करगोटा, लाल फडक्यात बांधलेला देवीचा टाक एक. टाक आत नेण्यास मनाई झाली, कारण तो धातूचा होता. म्हणजे ज्या क्षणी सरकारदप्तरी त्याच्या नावापुढे धर्माची नोंद झाली, त्याच क्षणी त्याचा देव मुद्देमालासारखा कपाटात जमा झाला. तो इसम चौदा महिने आत होता आणि अखेर निर्दोष सुटला. पण त्या वर्षाअखेरीच्या तक्त्यात तो एका धर्माचा एक आकडा म्हणून गेलाच असला पाहिजे. त्याच्या श्रद्धेविषयी तो आकडा काय सांगतो, हे मला ठराव लिहिणाऱ्याने सांगावे.

याहून थोर उदाहरण पाहिजे असल्यास १८८२ सालचे घ्या. कोल्हापूरच्या दिवाणांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. एक पुढे मंडालेच्या बंदिवासात गीतेवर भाष्य लिहिणारा, दुसरा अज्ञेयवादाचा महाराष्ट्रातला सर्वांत प्रखर पुरस्कर्ता. त्या दोघांच्या नावांपुढे धर्म म्हणून निरनिराळे ते काय लिहिले गेले असेल? बुद्धिवादी मित्रांनी आपला सर्वांत मोठा पूर्वसूरी या न्यायाने आस्तिक कैद्यांच्या बेरजेत घालून टाकला आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसावी.

त्यांच्या त्रैराशिकाबद्दलही दोन शब्द. २०११ च्या जनगणनेत आपण नास्तिक आहोत असे सांगणारी माणसे साऱ्या देशात ३३ हजारांच्या घरात निघाली. १२१ कोटींत ३३ हजार! या प्रमाणाने २०१९ अखेर तुरुंगात असलेल्या पावणेपाच लाखांत नास्तिक किती असावेत, याचा हिशेब मी पत्रकाच्या पाठीवर मांडला; उत्तर तेरा आले. तेरा माणसे न सापडण्यावरून ईश्वराच्या अस्तित्वाचा वा उपयुक्ततेचा निकाल लावणे हे बुद्धिवादाला शोभत नाही. अमेरिकेच्या संघराज्यीय तुरुंगांचा १९९७ सालचा जो आकडा हे लोक नेहमी नाचवतात, की तेथे नास्तिक पाव टक्कादेखील नाहीत, त्यातही धर्माच्या प्रश्नाला उत्तरच न देणारे बंदी हजारोंच्या संख्येने होते आणि त्यांना हिशेबातून वगळून ती टक्केवारी काढली होती. बाँगर नावाच्या डच गुन्हेशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये श्रद्धा आणि गुन्हा याच विषयावर ग्रंथ लिहिला, आणि हॉलंडात निधर्मी लोकांत गुन्ह्यांचे प्रमाण कमी भरते असे त्याला आढळलेही; पण तो मार्क्सचा अनुयायी असल्यामुळे आकडा हाती येताच त्याने त्या माणसांची मिळकत आणि शिक्षण विचारले. आमचे मित्र त्याच्या अर्ध्या वाटेवर थांबतात.

आता ठरावकर्त्यांकडे वळतो, कारण त्यांचा अपराध अधिक मोठा आहे. त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तक्ता वापरला, तो मीही वापरतो. २०१९ अखेर देशातल्या शिक्षा झालेल्या बंद्यांत मुसलमान १६.६ टक्के होते, कच्च्या कैद्यांत १८.७ टक्के, आणि खटल्यावाचून स्थानबद्ध केलेल्यांत ३५.८ टक्के; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत ते १४.२ टक्के होते. हे तीन आकडे या क्रमाने पुन्हा वाचा. जेथे न्यायाधीशासमोर साक्षीपुराव्याने गुन्हा शाबीत करावा लागतो तेथे प्रमाण सर्वांत कमी, जेथे केवळ आरोप पुरतो तेथे थोडे अधिक, आणि जेथे आरोपपत्रही लागत नाही, नुसता हुकूम लागतो, तेथे लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. गुन्ह्याचे मूळ जर कुराणात वा पुराणात असते तर शाबितीची चाळण जशी बारीक होत जाते तसा तो धर्म चाळणीतून गळून गेला नसता. हा तक्ता कैद्यांच्या धर्माविषयी जेवढे सांगतो त्याहून पकडणाऱ्यांच्या संशयाविषयी अधिक सांगतो. महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम बंद्यांची पाहणी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी केली, तीत भेटलेल्या बहुतेकांचा कोणत्याही टोळीशी संबंध नव्हता. संबंध होता तो दारिद्र्याशी. प्रस्तावनेत या पाहणीचा उल्लेख नाही. सुज्ञांनी समजून घ्यावे!

आणि त्याच तक्त्यातला 'इतर' हा रकाना? हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन, आणि इतर. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांचे वारस २०११ च्या जनगणनेत या राज्यात ६५ लाखांवर भरले. तुरुंगाच्या तक्त्यात त्यांना स्वतःचे नाव नाही. एवढ्या मोठ्या धर्मांतराची ज्या कागदाला दखल घेता आली नाही, त्या कागदावरून आपण मनुष्याच्या अंतःकरणातील भाव मोजावयास निघालो आहोत.

रकान्याने माणसाचा गुन्हा ठरवण्याची आपल्याला सवयच आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहिल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण इंदापूर तालुक्यात रात्री चोरी झाली तर पहाटे पोलीस कोणत्या पालावर जातात हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली कामे जातीवरून वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! तोवर झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा हे ठरवताना आमच्या धर्मशिक्षणाचा काहीएक अडथळा झाला नव्हता.

तुरुंगात श्रद्धा नाही असे मी म्हणत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे मराठी गद्याचे भाग्य आहे. नाशिकरोडच्या कारागृहातले बंदी गणपतीच्या मूर्ती घडवतात. तुरुंगखात्याने अभंग-भजनांच्या स्पर्धाही भरवल्या. पण विनोबांची गीता कोणी सक्तीची केली नव्हती. माझा तो पारधी अशील एकदा भेटीच्या जाळीआडून म्हणाला होता, 'वकीलसाहेब, पालखी आली का हो? रात्री टाळ ऐकू आल्यागत वाटलं.' काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होऊन गेले होते आणि तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी करीत निमगाव केतकीकडे निघाली होती. टाळ ऐकू येण्याजोगा मार्ग त्या कोठडीवरून जात नव्हता. ही श्रद्धा कोणत्या रकान्यात घालावयाची? त्याचे दुःख धर्म न शिकल्याचे नव्हते. त्याला पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता आणि जामीनदार मिळत नव्हता.

२०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, शंभरातले जवळजवळ शहात्तर. जामीन मंजूर होऊनही सुमारे पाच हजार माणसे आत आहेत, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. या माणसांना बाहेर येण्यासाठी कीर्तनकार लागत नाही. ऐपतीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी जमीन असलेला कोणीतरी इसम लागतो.

जमीन आपल्याकडे आहे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा झाला तेव्हापासून बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांतल्या सातबाऱ्याला असे वजन आले आहे की तो टेबलावर ठेवताच शिरस्तेदार खुर्ची पुढे करतो. मी या खुर्चीवरून चौथा ठराव चर्चेला घेणार नाही. ज्यांना तो मांडावयाचा असेल त्यांनी माझ्यावर अविश्वासाचा ठराव आधी आणावा. बुद्धिवादी मित्रांनाही विनंती की उरलेली पत्रके त्यांनी परत न्यावीत. जामीन मंजूर होऊन आत राहिलेल्या, निवडक खटल्यांतल्या नऊ इसमांची यादी मी तयार केली आहे. धर्म आणि जात तीत लिहिलेली नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी बारामतीच्या कोर्टाच्या आवारात बसणार आहे. जामीन राहण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी चालू वर्षाचा सातबाऱ्याचा उतारा, आधार कार्ड आणि दोन छायाचित्रे बरोबर आणावीत.