डिव्हाइस ड्रायव्हर आणि वेळेचा हिशेब

(म्हैसूर येथील सरस्वतीपुरममध्ये मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रिअल टाइम प्रणाली म्हणजे अतिशय वेगवान संगणक, असे उत्तर परीक्षेत अनेकदा लिहिले जाते. जॉन स्टँकोविक यांनी १९८८ साली एका लेखात या गैरसमजाकडे लक्ष वेधले होते. अशा प्रणालीत वेगापेक्षा खात्री महत्त्वाची असते. ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण होईलच, ही ती खात्री होय.

कोणत्या कामाला प्रोसेसर केव्हा द्यावा, हे शेड्यूलर अग्रक्रमानुसार ठरवतो. ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिम आणि उपकरण यांच्यातील दुभाषा आहे. उपकरणाकडून इंटरप्ट, म्हणजे व्यत्ययाचा संकेत, आला की प्रोसेसर हातातले काम थांबवून ड्रायव्हरचा संबंधित भाग चालवतो. थांबलेल्या कामाचा अग्रक्रम कितीही वरचा असला तरी त्याला वाट पाहावी लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, रुग्णाच्या कृत्रिम श्वसनयंत्रातील झडपेचे नियंत्रण दर १० मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवे आणि त्याला ६ मिलिसेकंद लागतात. त्याच यंत्रातील नेटवर्क ड्रायव्हर प्रत्येक संकेतामागे ०.२ मिलिसेकंद घेतो. त्या अवधीत १० संकेत आले, तर काम ८ मिलिसेकंदांत आटोपते. २५ संकेत आले, तर ११ मिलिसेकंद लागतात आणि मुदत चुकते. शेड्यूलरचे गणित बरोबर होते; त्यात ड्रायव्हरचा वेळ धरलेला नव्हता.

यावर दोन उपाय महत्त्वाचे आहेत. पहिला विभक्ततेचा. स्टँकोविक आणि पुढे आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले कृति रामामृतम् यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ‘स्प्रिंग’ ही प्रणाली विकसित केली. तीत व्यत्ययांचा भार वेगळ्या प्रोसेसरवर सोपवलेला होता, त्यामुळे मुदतीच्या कामांना दिलेली हमी अबाधित राहत असे.

दुसरा उपाय विभाजनाचा. इंटरप्ट आल्यावर ड्रायव्हरने केवळ त्याची नोंद घ्यावी. उरलेले काम शेड्यूलरच्या आधीन असलेल्या थ्रेडकडे द्यावे. लिनक्समध्ये ड्रायव्हरसाठी ही सोय २००९ साली आली, तर रिअल टाइमसाठीचा ‘प्रीएम्प्ट आरटी’ हा पर्याय २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य प्रवाहात सामील झाला. आपल्या उदाहरणात नोंदीला ०.०२ मिलिसेकंद लागले आणि नेटवर्कच्या थ्रेडला खालचा अग्रक्रम दिला, तर २५ संकेत येऊनही झडपेचे काम साडेसहा मिलिसेकंदांत पूर्ण होते. नेटवर्कवरील माहिती थोडी उशिरा पोहोचेल. रुग्णाचा श्वास मात्र वेळेवर चालेल.

म्हणून प्रश्न सोडवताना कार्यांच्या वेळांची बेरीज करून थांबू नका. प्रतिकूलातील प्रतिकूल स्थितीत किती व्यत्यय येतील आणि प्रत्येक किती वेळ घेईल, हेही मांडा. उद्या असे यंत्र तुमच्या हातून घडेल, तेव्हा याच सवयीवर कोणाचा तरी जीव अवलंबून असेल.