बेटावरचा ज्वालामुखी आणि आपला पहारा



गोरेगावच्या माणसांनी ज्वालामुखीची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. आपण ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो. शेजारच्या अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. सुमारे २०० फूट उंचीचे ते काळे खांब म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थिजलेला तप्त रस आहे. भोवतालचा दगड मजुरांनी फोडला, तेव्हा ती टेकडी एकटी उभी राहिली.

तो अग्नी केव्हाच विझला. जागा असलेला पाहायचा तर अंदमानात जावे लागते. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे. तेथे वस्ती नाही. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद झाली. एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला आणि दीडशेहून अधिक वर्षांच्या झोपेनंतर १९९१ साली पुन्हा जागा झाला.

२३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी त्या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होती. एकाएकी राख उसळू लागली. अभय मुधोळकर हे त्या तुकडीचे प्रमुख. जहाज सुमारे मैलभर दूर नेऊन त्यांनी निरीक्षण मांडले. पाच-दहा मिनिटांचे उद्रेक थांबून थांबून होत होते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफ साठली की उचलते व पुन्हा बसते, तसाच काहीसा हा प्रकार. आत वायू साठतो आणि फुटतो. दिवसा नुसती राख दिसली. सूर्य मावळल्यावर मात्र लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारे ओघळ दिसले. दिवसपाळीवाल्याने एक पाहिले आणि रात्रपाळीवाल्याने दुसरे! २६ तारखेला दुसरी तुकडी गेली, तेव्हाही उद्रेक चालूच होता. त्यांनी पाणी, गाळ आणि कोळशासारखे काळे तुकडे गोळा केले. आज उपग्रहही उष्णता टिपतात. पण तुकडा हाती यायला माणूसच जावा लागतो.

परंतु पाहणे म्हणजे अर्धेच काम. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर १८ नोव्हेंबर २०१९ रोजी इशाऱ्याची पातळी वाढवली गेली. शास्त्रज्ञांनी आपले काम केले होते. सहली मात्र चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला स्फोट झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांतली २२ दगावली. दोन वाटाडे त्यांत होते. प्रवासी मौजेसाठी गेले होते, वाटाडे पोटासाठी!

आम्ही चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. आम्हाला ही गोष्ट ओळखीची वाटते. बॉयलरचा काटा चढलेला कामगाराला दिसतो, पण चाक बंद करण्याची मुखत्यारी त्याच्याकडे नसते. १९८४ साली भोपाळमध्ये हजारो माणसे गेली, तेव्हा कुठे १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यातील कामगाराला धोका नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. सांगण्याचा हक्क मिळाला, थांबवण्याचा नव्हे.

ज्वालामुखीला कोणी थांबवू शकत नाही. काम थांबवता येते. खाणीतला सुरुंगवाला बत्ती देण्यापूर्वी हाळी देतो आणि ती ऐकून सगळे हातातली पहार टाकून दूर होतात. त्या हाळीला साहेबाच्या सहीची गरज नसते. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक बेटावर तेवढा मान इशाऱ्याला मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.